आवाज तुटतोय? प्लॅन वाढवण्याआधी अपलोड बघा

फोनवर बोलायला नेट किती लागतं? जुन्या लँडलाइनच्या दर्जाचा आवाज इंटरनेटवरून पाठवायचा तर सगळं धरून एका बाजूला सेकंदाला 80 ते 90 किलोबिट. म्हणजे 1 एमबीपीएसमध्ये दहा जण एकाच वेळी बोलू शकतात. तरीही 40 एमबीपीएसचा प्लॅन असलेल्या घरात आवाज तुटतो. मग लोक वरचा प्लॅन घेतात, महिन्याला जास्त पैसे भरतात आणि आवाज तुटायचा तो तुटतोच. मी पुण्यात ऑफिसांच्या फोन यंत्रणा बसवते, त्यामुळे हे सतत बघते. पण आज लिहायला बसले ते दापोलीजवळच्या आमच्या घरातल्या राउटरबद्दल.

तिथे घरात मोबाइलला रेंज नाही. जांभ्याच्या जाड भिंती, मागे डोंगर, टॉवर डोंगरापलीकडे. अंगणात तुळशीपाशी उभं राहिलं तर दोन काड्या दिसतात, पावसाळ्यात त्याही जातात. गावात फायबर आल्यापासून आईबाबांचे सगळे फोन वाय-फाय कॉलिंगवर चालतात. मोबाइल तोच, नंबर तोच, फक्त कॉल टॉवरऐवजी घरच्या राउटरमधून जातो. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांनी ही सोय 2019 च्या अखेरीस सुरू केली. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण चालू करायचं, बस्स. डोंगरात वसलेल्या घरांना याचा किती आधार आहे हे शहरात राहून कळत नाही.

बाबांना कमी ऐकू येतं, कानात यंत्र आहे. ज्याचे कान धड आहेत तो तुटलेलं अक्षर अंदाजाने भरून काढतो. बाबांना ते जमत नाही. डॉक्टरांनी इन्शुलिन सहा युनिट सांगितलं की दहा, हा फरक एका अक्षराचा आहे. त्यातून ‘स’चा आवाज बराचसा 4000 हर्ट्झच्या वर असतो आणि जुनी टेलिफोन लाइन 3400 हर्ट्झच्या वरचं सगळं कापूनच टाकते. वाय-फाय कॉलिंगमध्ये, दोन्ही टोकांना सोय असेल तर, 7000 हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. बाबांना लँडलाइनपेक्षा मोबाइलवर स्पष्ट ऐकू येतं ते त्यामुळे. अट एकच, वाटेत काही गळता कामा नये.

आवाजाचे तुकडे करून ते पाठवले जातात, साधारण दर 20 मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला 50. समोरच्या फोनला ते वेळेत मिळावे लागतात. उशिरा आलेला तुकडा आलाच नाही असं धरून फोन पुढे जातो, कारण बोलणं थांबून राहू शकत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत 150 मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं जुनं मापच आहे. उशीर त्याच्या बराच वर गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

आमच्याकडे प्लॅन 40 चा, पण अपलोड, म्हणजे घरातून बाहेर पाठवायचा वेग, मोजलं तर जेमतेम 5 भरतं. त्यात बाबांनी वानरांवर लक्ष ठेवायला आंब्यांकडे दोन कॅमेरे लावले आहेत, ते दिवसरात्र चित्रण वर पाठवत असतात. सुट्टीत भाचा आला की त्याच्या मोबाइलमधले व्हिडिओही आपोआप वर चढू लागतात. मी लॅपटॉपवर पिंग लावून ठेवला, म्हणजे एक तुकडा जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिले. घर शांत असताना 20-25 मिलिसेकंद. भाच्याचं बॅकअप सुरू झालं आणि आकडा 400 च्या वर गेला. लाइन तीच, वेग तोच, पण आवाजाचा प्रत्येक तुकडा व्हिडिओंच्या मागे रांगेत उभा. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर रुग्णवाहिका अडकावी, तसं.

ही रांग फायबरवाल्याने दिलेल्या डब्यात लागते. अशा डब्यांना भरपूर माल साठवून ठेवायची सवय असते, टाकून द्यायची नसते. यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये ‘कोडेल’ नावाचा एक फार सुंदर उपाय मांडला. रांग किती लांब आहे यापेक्षा त्यात तुकडा किती वेळ अडकून पडलाय ते बघायचं, आणि फार वेळ झाला की काही तुकडे टाकून पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावायचं. त्यावरूनच पुढे एफक्यू-कोडेल आलं. ते प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी करतं, त्यामुळे थोडंथोडंच पाठवणारा फोन आपोआप पुढे निघतो. ओपन-डब्ल्यूआरटी हे फुकट सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ‘एसक्यूएम’ नावाने ते मिळतं. काही तयार राउटरमध्ये ‘क्यूओएस’खाली त्याच्या जवळपास जाणारी सोय असते.

आता नेमकं काय केलं ते सांगते. फायबरवाल्याला सांगून त्याचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला, म्हणजे तो राउटरचं काम न करता सगळं नुसतं पुढे देतो, आणि नेट जोडायचं पीपीपीओईचं नाव-पासवर्ड माझ्या राउटरमध्ये भरलं. दोन्ही डबे राउटर म्हणून चालू ठेवले असते तर पत्ते दोनदा बदलले गेले असते, आणि फोनला ते त्रासाचं. मग संध्याकाळी, गावात सगळे नेटवर असताना, अपलोड पुन्हा मोजलं आणि एसक्यूएममध्ये मोजलेल्याच्या 85 ते 90 टक्के आकडा टाकला: अपलोडला 4300 किलोबिट, डाउनलोडलाही त्याच हिशेबाने. मुद्दाम कमी टाकायचा, म्हणजे रांग फायबरवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिच्यावर आपला ताबा राहतो. त्यानंतर बॅकअप चालू असतानाही पिंग 40 च्या आत राहिला. दहा-पंधरा टक्के वेग सोडला, त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

वाय-फायचं काम मात्र भिंतींनी ठरवलं. वाय-फाय 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, आणि जांभ्यातून 5 गिगाहर्ट्झ पलीकडे फारसं जातच नाही. ओटीवरच्या राउटरपासून माजघरात कॅट-6 केबल ओढून तिथे दुसरा डबा नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय द्यायला, लावला, कारण बाबा फोन घेतात ते माजघरात, झोपाळ्यावर बसून. 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 हेच एकमेकांवर न चढणारे चॅनेल. दोन डब्यांना वेगवेगळे दिले. ‘डब्ल्यूएमएम’ चालूच ठेवायचं. वाय-फायमध्ये आवाजाला आधी सोडण्याची सोय तीच आहे.

वाय-फाय कॉलिंग मोबाइल कंपनीपर्यंत आयपीसेक या कुलूपबंद पद्धतीचा बोगदा करून जातं, यूडीपीच्या (तुकडे पाठवायच्या एका पद्धतीच्या) 500 आणि 4500 या पोर्टवरून, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारांमधून. राउटरच्या फायरवॉलमध्ये ते अडवलेले नाहीत आणि ‘आयपीसेक पासथ्रू’ बंद नाही, एवढं बघितलं की पुरे.

मे महिन्यात मी तिथूनच काम करते, लॅपटॉपवर ऑफिसचा सिप फोन लावून (सिप म्हणजे इंटरनेटवरून फोन जोडायची पद्धत). तिथे वेगळाच शत्रू असतो, सिप एएलजी. सिपच्या निरोपाच्या आतही फोनचा पत्ता लिहिलेला असतो. तो दुरुस्त करून द्यावा म्हणून राउटरमध्ये ही सोय आली. हेतू चांगला, पण कितीतरी राउटर ती दुरुस्ती अर्धवट करतात. मग मला समोरचा ऐकू येतो, त्याला मी नाही. किंवा फोन लागतो आणि 32 व्या सेकंदाला कट होतो. हा आकडा सिपच्या नियमातच आहे: उचलल्याची पोच परत आली नाही तर अर्ध्या सेकंदाच्या 64 पट वाट बघायची आणि कॉल सोडायचा. बत्तीस सेकंदांचा कट दिसला की मी आधी एएलजी बंद करते. आताचे फोन सर्व्हर पत्त्यांचं स्वतःच बघतात. सेटिंग बहुधा ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘नॅट’ किंवा ‘ॲप्लिकेशन’खाली असतं. सॉफ्टफोनमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या फोनच्या ॲपमध्ये, ‘कीप-अलाइव्ह’ (मी आहे असं राउटरला कळवत राहणं) 20 सेकंदांवर ठेवलं, नाहीतर काही राउटर अर्ध्या मिनिटात वाट विसरतात आणि येणारा फोन वाजतच नाही.

सिपसाठी राउटरवर 5060 पोर्ट उघडा, असा सल्ला देणारे व्हिडिओ खूप आहेत. कृपा करून उघडू नका. त्या पोर्टवर जगभरातून सतत कोणीतरी दार ठोठावत असतं. शिवाय राउटरचा बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यातला असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून वापरल्या जाणाऱ्या, पत्त्यामागे आहात, पोर्ट उघडून काही होणारही नाही.

राहिली वीज. तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट येत, म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही, आणि कोकणात पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही; 2020 च्या निसर्ग वादळानंतर तर दापोलीत कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वाटेतल्या स्प्लिटरना, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या जोडांना, मात्र वीज लागत नाही. त्यामुळे कंपनीच्या टोकाला बॅटरी असेल आणि तुमचे डबे चालू असतील, तर फोन लागतो. 12 व्होल्टचा मिनी यूपीएस घेताना डब्यांच्या ॲडॉप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करा आणि पिन जुळते का बघा. फायबरचा डबा, राउटर आणि माजघरातला ॲक्सेस पॉइंट असे तिन्ही त्यावर घ्या. कॅमेरे घेऊ नका. लाइट नसताना बॅटरी फोनसाठी उरली पाहिजे, वानरांचं नंतर बघता येईल.