पोर कुणापाशी ठेवू?

रविवार, रात्री सव्वादहा

पाय दोनदा धुतले, तरी नखांत काळी माती राहिलीच आहे. आई जेवायला हाका मारून झोपली. मला आजचं आजच लिहून ठेवायचंय, उद्यापर्यंत ते निवून जाईल.

सकाळी सातला कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, गेटवरून बस सुटली. आम्ही २१ जण होतो. मोल्डिंगचे सहा-सात, कोअर शॉपचे काही, मेंटेनन्सचे चार फिटर, अकाउंट्समधली पोरं आणि मी. कागल तालुक्यातल्या एका शिवारात ऊसतोड टोळ्या उतरल्यात, तिथं जायचं होतं. सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं करायच्या समाजकामाचं, काम माझ्याकडे येऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी याच भागात आम्ही ६० दप्तरं वाटली होती. तो फोटो अजून रिसेप्शनच्या भिंतीवर आहे.

आज त्यातलं एक दप्तर मला परत दिसलं. निळं, वर कंपनीचं नाव. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी ते पाठीला लावून कोपीच्या, म्हणजे त्यांच्या झोपडीच्या, दारात उभी होती आणि तिच्या कडेवर वर्षाचं एक बाळ होतं. मला खूप बरं वाटलं. जवळ जाऊन विचारलं, "दप्तरात काय आहे गं?" तिनं उघडून दाखवलं. बाळाची दोन झबली, दुधाची बाटली, बिस्किटाचा पुडा, एक फडकं.

शाळेत जातेस का, हे विचारायची गरजच उरली नव्हती, तरी मी विचारलं. तिनं नुसतं बाळाकडं बघितलं.

तिची आई आज ताप होता म्हणून उसाच्या फडात गेली नव्हती. तीच म्हणाली, "बाई, दप्तर लई चांगलं हाय. पर हिला साळंत धाडल्यावर ल्हानग्याला कुणापाशी ठिवू? फडात न्यावं तर उसाच्या पाल्यात कुटं काय चावंल, कुटं कोयता लागंल."

मी काहीच बोलले नाही. सहा वर्षांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. दप्तरं हवीत हे मी इथं ऑफिसात बसून ठरवलं होतं.

कोअर शॉपमधले एक दादा आमच्याबरोबर होते. शांत माणूस, कामाशी काम. ते कोपीकोपीतून फिरायला लागले आणि पंधरा मिनिटांत बायका त्यांच्याशी घरच्यासारख्या बोलायला लागल्या. त्यांची भाषाच एकदम बदलली. मला तेव्हा कळलं, की ते मूळचे बीडकडचे, लहानपणी आईबापाबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, यायचे. नऊ वर्षं एका छताखाली काम करतोय आम्ही, आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी वहीत नोंद केली: शाळेच्या वयाची मुलं १९, त्यातल्या ११ जणांकडं धाकटं भावंड सांभाळायला. अकरातल्या नऊ मुली. वही माझ्याकडं देताना म्हणाले, "मॅडम, माझी थोरली बहीण मला अशीच सांभाळायची. मी आयटीआय केलं. ती अजून अंगठा लावती."

हे लिहितानाही माझा हात थांबतोय.

तिथलं दिवसाचं गणित असं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली असते, म्हणजे दोघांनाही फडात जावंच लागतं, एकानं मागं राहणं परवडत नाही. बाई तीन-साडेतीनला उठते, भाकरी थापते, चार-पाचला फडात. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे विकून वरखर्चाचे चार पैसे. परत यायला दिवस मावळतो. गावची अंगणवाडी दीड किलोमीटरवर आहे आणि ती काही तासच उघडी असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई रविवार असूनही आम्हाला भेटायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना गावच्या शाळेतून मिळतं ते) आणलेली मुलं मी लगेच बसवून घेते, पण मुलं यायला तर हवीत. आली तरी भावंडाला घेऊन येतात आणि ते रडायला लागलं की उठून जातात. मराठवाड्यात गावाकडं हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, तिथं थोरली मुलं राहू शकतात. पण वर्षा-दोन वर्षांचं पोर आईबरोबर येणारच, आणि ते आलं की त्याला सांभाळायला थोरली येते. या गाठीला आमच्या दप्तरांचा हातच लागला नव्हता.

आता आमच्या बाजूचं. कंपनी कायद्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नक्त मत्ता (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची. आमची सरासरी ९ कोटींच्या आसपास, म्हणजे साधारण १८ लाख. आकडा आम्हाला जूनमध्येच कळतो. पण ऑर्डरी, ऑडिट, दिवाळीचा बोनस यात पुढचे महिने जातात आणि जानेवारी उजाडला की पैसे ३१ मार्चच्या आत संपवायचे म्हणून धावपळ सुरू होते. मग पटकन काय होतं? खरेदी. दप्तरं, वॉटर फिल्टर, बाकं. बिल येतं, फोटो येतो, फाइल पूर्ण होते. आणि उसाचा हंगाम नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चमध्ये उठतो. आम्ही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ६० दप्तरं वाटली, तेव्हा टोळ्या परतायला तीन आठवडे राहिले होते. आमचं वर्ष आणि त्यांचं वर्ष एकाच महिन्यात संपतं, हे आज त्या कोपीसमोर उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात शिरलं.

कायद्यात यावर तोड आहे. २०२१ च्या बदलांनंतर एखादं काम 'चालू प्रकल्प' म्हणून घेतलं, तर न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच कामाला लावायची. तीन हंगाम! हे मला माहीत होतं, पण दरवर्षी नवं काम आणि नवा फोटो ही सवय आम्ही मोडली नाही. यात माझीही चूक आहे, मी आग्रह धरला नाही.

बसमध्ये परतताना अकाउंट्समधल्या एकानं प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणतो ना? हे तर बीडचे. दोन महिन्यांनी जाणार." प्रश्न चुकीचा नव्हता. पण वर्षातले पाच महिने ही माणसं आपल्या शिवारात राहतात, आपल्या विहिरीचं पाणी पितात, आपला ऊस तोडतात. त्या पाच महिन्यांत त्यांच्या पोरांचं स्थानिक ठिकाण दुसरं कुठलं असणार?

येताना दसरा चौकात उतरले. रोजचा रस्ता, पण आज मुस्लिम बोर्डिंगच्या इमारतीसमोर थोडी थांबले. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये हे मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आपल्या कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. आज मला त्यातलं वेगळंच काहीतरी उमगलं. गावाकडचा पोरगा हुशार असला तरी शहरात राहणार कुठं, खाणार काय, ही अडचण महाराजांनी आधी हेरली. पुस्तकं नंतर. शिवाय जागा आणि अनुदान देऊन कारभार त्या त्या समाजाच्या माणसांवर सोपवला, म्हणून या संस्था शंभर वर्षांवर टिकल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज त्या ताप आलेल्या बाईला कुणी दंड केला, तर ती एवढंच विचारेल, की पोर कुणापाशी ठेवू.

आमच्या माणसांच्या श्रमदानाबद्दल मला अभिमान आहे आणि तो इथं लिहिणारच. कायद्याच्या दृष्टीनं आजच्या आमच्या २१ माणसांच्या दिवसाची किंमत शून्य आहे. कर्मचाऱ्यांच्या वेळेचे पैसे लावून तो खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. हे मला बरोबरच वाटतं. वेळ द्यायचा तर तो हिशेबात न धरता द्यावा. चार फिटरांनी कोप्यांजवळचा बंद पडलेला सौर दिवा दुरुस्त केला, नळाची गळती काढली. जे हाताला येतं तेच त्यांनी केलं, म्हणून ते टिकेल. दोन वर्षांपूर्वी याच हातांना मी शाळेच्या भिंती रंगवायला लावल्या होत्या, आणि पहिल्याच पावसात रंगाचे पापुद्रे निघाले.

२०१९ च्या महापुरात हेच शिकायला हवं होतं. महामार्ग शिरोलीजवळ बंद, शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रं पुरात, आणि पाणी ओसरल्यावर पूरग्रस्त गावांकडं जुन्या कपड्यांच्या गाड्याच्या गाड्या. कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेले मी स्वतः पाहिलेत. त्या वेळी पंचगंगेकाठच्या एका गावात आमच्या मेंटेनन्सच्या पोरांनी चावडीत टेबल मांडलं आणि पाच दिवस नुसत्या मोटारी, मिक्सर, पिठाच्या गिरण्या उघडून, गाळ धुऊन, वाळवून परत चालू करून दिल्या. एक म्हातारी गिरणी सुरू झाल्याचा आवाज ऐकून रडली होती. त्यांना तिथं कुणी पाठवलं नव्हतं. गावातल्याच एका कामगारानं सांगितलं होतं, की आता कापडं नकोत, मोटारी चालू करा.

तर उद्या सकाळी मालकांपुढं ठेवायचा कागद केलाय. शाळेच्या बाईंनी रिकामी असलेली एक खोली देण्याची तयारी दाखवलीय, मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला रीतसर पत्र द्यावं लागेल. पहाटेपासून पाळणाघर. सांभाळायला दोघी: एक टोळीतलीच आजी, जिला आता मोळी उचलत नाही, आणि एक गावातल्या बचत गटातली ताई. दोघींचं एका पूर्ण हंगामाचं, पाच महिन्यांचं मानधन, दूध, खिचडी, सतरंज्या, औषधांची पेटी, थोरल्या मुलांना शाळेपर्यंत रिक्षा. सगळं धरून पावणेदोन लाखांच्या घरात. १८ लाखांच्या एक दशांशाहून कमी.

अडचण येणार ती मानधनावर. पगारासारखा खर्च सीएसआरमध्ये बसत नाही असा आमच्याकडं समज आहे, कारण ५ टक्क्यांची मर्यादा सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलीय. ती मर्यादा कंपनीच्या प्रशासकीय खर्चाला आहे. मुलं सांभाळणाऱ्या बाईचा मोबदला हा प्रकल्पाचाच खर्च. आणि बचत गटाला सीएसआरची नोंदणी नाही हा मुद्दा निघालाच, तर कंपनी हे काम स्वतः राबवू शकते, नियमांत तशी मुभा आहे. खोलीवर बोर्ड लावायचा नाही आणि मुलांचे फोटो काढायचे नाहीत, हे मी शेवटी लिहिलंय. ते खोडू देणार नाही.

एक गोष्ट मात्र या कागदात घेतली नाही. आमच्या फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला, कंत्राटी माणसं आहेत, परराज्यातून आलेली, त्यांचीही पोरं शेडजवळच्या खोल्यांत दिवसभर असतात. तो खर्च समाजकार्यात घालणं मला पटत नाही. ती आपल्या कामावरच्या माणसांची पोरं आहेत. त्यासाठी वेगळा कागद करायचा, आणि तो जास्त अवघड जाणार आहे.

मघाशी मुकादमाला फोन लावला. टोळी १५ मार्चच्या आसपास उठेल म्हणाला. म्हणजे हातात सात आठवडे. त्याला म्हटलं, त्या आजींना विचारून ठेवा, पुढच्या सोमवारपासून जमेल का. तो म्हणाला, "विचारायचं काय बाई, सकाळी तुमी गेल्यापास्नं त्या चार पोरं घिऊन बसल्यात."