वाटीचा रियाज: दहावा महिना

मंडळी, माझ्या सिंगिंग बाऊलची, म्हणजे काठावरून दांडा फिरवला की गुणगुणणाऱ्या काशाच्या वाटीची, खडखड थांबली. मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी खडखड थांबली का, हेच विचारलं होतं, म्हणून आधी ते सांगते.

माझा बाऊल ठाडोबाटी, म्हणजे सरळ उभ्या भिंतीचा, १७ सेंटिमीटरचा. आवाज भरात आला की दांडा काठावर थडथडायचा. काठाची थरथर वाढली की तोच दांड्याला झटकून टाकतो. मी घाबरून हात हलका करायचे आणि खडखड आणखी वाढायची. आता तो क्षण जवळ आला की दाब थोडा वाढवते, वेग कमी करते. एका फेरीला चार सेकंद. तळहात सपाट, बोटं भिंतीला अजिबात लागू द्यायची नाहीत. चामडं गुंडाळलेल्या दांड्याने खर्ज येतो, नुसत्या लाकडाने वरचा सूर आधी धरतो.

या महिन्यातला खरा आनंद वेगळाच. काठावर पेन्सिलीने सारख्या अंतरावर सोळा खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर मऊ टोला दिला. एका खुणेवर आवाज सरळ निघतो. शेजारच्या खुणेवर तोच आवाज लाटा घेत येतो, पुढच्यावर परत सरळ. मोबाइलवर मोजलं तर सरळ खुणांवर आळीपाळीने २१२ आणि २१४ हर्ट्‌झ. हाताने ठोकलेली भिंत सगळीकडे सारखी जाड नसते, म्हणून एकाच भांड्यात हे दोन जवळचे सूर राहतात. मधल्या खुणेवर दोन्ही एकदम जागे होतात आणि सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. त्या रात्री मी किती वेळ टोले देत बसले, घड्याळ बघितलं नाही.

आता प्रतीकांविषयी. नेपाळमधल्या पाटणच्या बाजारात मला सात धातू, सात ग्रह असं सांगून बाऊल विकला होता. पण हे मुळात कासं: साधारण ७८ टक्के तांबं, २२ टक्के कथील. घडवणारे बहुतेक नेपाळचे. ‘तिबेटी’ हे नाव पश्चिमेत रुळलं ते १९७२ साली हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या संगीतकारांची अशा वाट्यांची ध्वनिमुद्रिका आल्यानंतर. तिबेटी पूजेत हातात असते ती घंटा. उजव्या हातात वज्र म्हणजे करुणा आणि उपाय, डाव्या हातात घंटा म्हणजे प्रज्ञा, शून्यता. घंटेच्या मुठीवर प्रज्ञापारमितेचा, म्हणजे प्रज्ञेच्या देवीचा, चेहरा कोरलेला असतो. वाट्या तिथेही आहेत, पण वाजवायच्या नाहीत. वेदीवर पाण्याच्या सात वाट्या रोज सकाळी भरतात, दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून, आणि संध्याकाळी रिकाम्या करतात. शाक्यमुनी बुद्धांच्या मूर्तीत डाव्या हातात भिक्षापात्र असतं. मला ही रोज भरून रिकामी होणारी वाटी सात ग्रहांपेक्षा कितीतरी जास्त भावते. माझ्या बाऊलवर कोरलेला ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा, मंत्र आता मी वाजवायला बसण्याआधी एकदा म्हणते.

कासंच म्हटल्यावर आजीची काशाची वाटी काढली, जिने ती आमच्या तळपायांना तूप चोळायची. तूप पुसून, बोटांच्या टोकांवर धरून टोला दिला. आवाज बारीक, दोन सेकंदांत विरला, पण लाटा आहेत. तिच्या काठावर आज सोळा खुणा करणार आहे.