बेरियात एक दिवस

आज केंटकीतलं बेरिया कॉलेज पाहिलं. लेक्सिंग्टनहून गाडीने तासाभरात पोचलो. विद्यार्थी साधारण दीड हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शाळेएवढेच.

इथे १८९२ पासून कुणाकडूनही ट्यूशन फी घेत नाहीत. अमेरिकेत! पण प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम करावंच लागतं. कुणी झाडू बांधतं, कुणी हातमागावर विणतं, कुणी शेतावर राबतं, तर कुणी कॉलेजच्याच बून टॅव्हर्न हॉटेलात. हे ऐकताना कर्मवीर भाऊराव आणि त्यांचं ‘कमवा आणि शिका’ आठवणारच ना! फेल्प्स स्टोक्स चॅपलही विद्यार्थ्यांच्याच श्रमातून उभं राहिलं.

मला मात्र सगळ्यात भिडला तो इतिहास. जॉन फी या गुलामगिरीविरोधी पाद्र्याने १८५५ मध्ये इथे शाळा काढली. ‘देवाने सगळी माणसं एकाच रक्ताची घडवली’ हे बायबलमधलं वचन कॉलेजचं ब्रीद आहे. यादवी युद्धानंतर काळी-गोरी मुलं-मुली इथे एकाच वर्गात शिकत. १९०४ मध्ये राज्याने कायदा करून ते बंद पाडलं. कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत लढलं, १९०८ मध्ये हरलं. तो कायदा सैल व्हायला १९५० उजाडावं लागलं. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन इथून १९०३ मध्ये पदवीधर झाले. वर्षभर उशीर झाला असता तर? त्या विचाराने गलबलून आलं.

केंटकीत असाल तर मुलांना घेऊन जरूर जा.