लहान पिकअपला डिझेल कधी परवडतं? एका स्टार्टमध्ये गाडी किती पळते ते बघा

महिन्याचं रनिंग विचारून डिझेल की पेट्रोल ठरवायची पद्धत बीएस-४ या धुराच्या जुन्या सरकारी निकषापर्यंत ठीक होती. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि या हिशेबाचा पायाच बदलला. आता आधी विचारायचं ते एवढंच: इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत गाडी सलग किती पळते?

सांगोल्यातून डाळिंब भरून रात्री पुण्याला किंवा वाशीला जाणारी गाडी घ्या. आणि सोलापुरात हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डातून कांद्याची पोती उचलून कुंभार वेस, बाळीवेस, सात रस्ता, आसरा अशी दुकानोदुकानी उतरवत फिरणारी गाडी घ्या. दोघींचं महिन्याचं रनिंग जवळपास सारखं निघू शकतं. तरीही पहिलीला डिझेलच घ्यावं आणि दुसरीला अजिबात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिझेलची ताकद खरी आहे, त्यात वाद नाही. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १० ते १२ टक्के जास्त ऊर्जा असते. वर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबण्याचं प्रमाण, १६ ते १८ ला १, पेट्रोल इंजिनाचं १०-११ च्या आसपास. पेट्रोल इंजिनाला ताकद कमी करायची तर हवा कोंडावी लागते आणि त्यात शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये हवा भरपूर येऊ देतात आणि इंधन मोजून सोडतात. म्हणून माल उतरवून रिकामी परतणारी डिझेल गाडी फारच कमी पिते. भाड्याच्या धंद्यात बरंच रनिंग रिकामं असतं, तेव्हा ही बचत लहान नाही.

टॉर्कचंही, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराचंही, तसंच. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसी डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच २०० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क देतं. मारुतीच्या लहान सुपर कॅरीचं ११९७ सीसी पेट्रोल इंजिन १०४ देतं, तेही २९०० आरपीएमला. गाड्यांचे वर्ग वेगळे आहेत, हे मान्य. पण दीड टन माल घेऊन तुळजापूरचा घाट चढायचा असेल तर या दोन आकड्यांतला फरक क्लचवर, गिअरवर आणि ड्रायव्हरच्या पायावर रोज पडतो. टन-दीड टनाच्या वर रोजचं वजन असेल तर पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका, डिझेलच घ्या.

अडचण सुरू होते ती सायलेन्सरच्या नळीत. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती भरली की इंजिनाचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून धूर तापवतो आणि काजळी ६०० अंशांच्या आसपास जाळून टाकतो. यालाच रिजन म्हणतात. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं आणि गाडी ५०-६० च्या वेगात सलग १५-२० मिनिटं चालणारी हवी. मोहोळच्या रस्त्याला लागलेल्या गाडीत हे आपोआप उरकतं, ड्रायव्हरला कळतही नाही. टिळक चौकात दर पाच मिनिटांनी चावी फिरवणाऱ्या गाडीत ते सुरू होतं आणि अर्ध्यावर तुटतं. पुन्हा सुरू, पुन्हा तुटलं.

दर वेळी तुटलेल्या रिजनचं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. हे डोळ्यांनी बघता येतं. सकाळी इंजिन थंड असताना, गाडी सपाटीवर उभी करून डिपस्टिक ओढा, पुसा, पुन्हा घाला, पुन्हा ओढा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेलेली दिसली तर ऑइल चांगलं टिकलं म्हणून खूश होऊ नका. इंजिनात ऑइल आपोआप वाढत नसतं, त्यात बहुधा डिझेल मिसळलंय. थेंब दोन बोटांत चोळला की पातळ लागतो, वासही येतो. कागदावर टाकला तर काळ्या डागाभोवती फिकट तेलकट वलय पसरतं. असं ऑइल बेअरिंगला आणि टर्बोला वाचवू शकत नाही. किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न बघता ते बदलावं, फिल्टरसकट.

शहरात फिरणारी डिझेल गाडी आधीच दारात असेल तर आठवड्यातून एकदा तिला हायवेला काढा. डीपीएफचा दिवा लागायची वाट बघू नका. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल असू द्या, कारण बऱ्याच गाड्यांत रिझर्व्हवर रिजन सुरूच होत नाही. एक गिअर खालचा ठेवून इंजिन २००० च्या वर फिरवत २० मिनिटं सलग चालवा. मध्येच आयडल थोडं वाढलं, फॅन जोरात फिरू लागला, गरम वास आला, तर रिजन चालू आहे असं समजा आणि चावी बंद करू नका. दिवा लुकलुकायला लागला किंवा गाडीची ताकद एकदम पडली तर मात्र स्कॅनर असलेल्या वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीत रिजन करून घ्यावं लागतं. सायलेन्सरखाली वाळलेलं गवत, कडबा, बारदान असेल अशा जागी ते कधीही करू नये.

जाळी काढून रिकामी नळी बसवून देणारे भेटतात. ते बेकायदा आहे, आणि सेन्सर चुकवण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये केलेली ढवळाढवळ पुढे सरळ करणं सोपं नसतं. प्रेशरच्या पाण्यानं जाळी धुणंही तसंच, आतला सिरॅमिकचा गाभा तडकतो.

ऑइलचा डबा घेताना ग्रेडइतकंच लेबल वाचा. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, डब्यावर सीके-४ हा दर्जा छापलेलं किंवा कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं. जुन्या गाडीचं उरलेलं जुन्या सीआय-४ दर्जाचं ऑइल ओतलं तर त्याची राख जाळीत साठते. काजळी जळते, राख जळत नाही. ती रिजनने जात नाही.

काही मॉडेलना धूर स्वच्छ करायला डीईएफ, म्हणजे आपल्याकडचं 'युरिया पाणी', लागतं. लहान इंजिनांत त्याऐवजी बऱ्याचदा एलएनटी, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड पकडून ठेवणारा सापळा, असतं आणि मग ही कटकट नाही. टाटाने २०२५ मध्ये आणलेली एस गोल्ड प्लस डिझेल अशीच आहे. तुमच्या गाडीला डीईएफ लागत असेल तर सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. हे द्रावण ३२.५ टक्के युरियाचं असतं. २५ अंशांत ते १८ महिने टिकतं, ३० अंशांत वर्षभर, ३५ अंशांत सहा महिनेच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४० च्या वर असतो. एकदम पाच-सहा कॅन आणून ठेवू नका, तारीख बघून लागेल तसे घ्या. खताच्या दुकानातला युरिया पाण्यात विरघळवून टाकणं म्हणजे कॅटॅलिस्ट आणि डोझिंग पंप दोन्हींचा बळी. बोअरच्या पाण्यातले क्षार तिथे थर धरून बसतात.

डिझेलच्या बाबतीत सगळ्यात महाग चूक इंधनाची. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, दाब १६०० बारच्या वर जातो आणि हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. रॉकेल मिसळलेलं किंवा उघड्या ड्रममधलं धूळ-पाण्याचं डिझेल गेलं की पंप घासतो, त्याचा बारीक चुरा रेलमध्ये जातो आणि तिथून सगळ्या इंजेक्टरमध्ये. मग एक इंजेक्टर बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, टाकीची सफाई, असं सगळंच काढावं लागतं आणि वर्षभराची डिझेलमधली बचत एका बिलात जाते. म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू थोडा सैल करून पारदर्शक बाटलीत १००-२०० मिली काढा. दहा मिनिटांत पाणी तळाला बसतं, डिझेल वर राहतं. पाणी दिसलं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा, स्क्रू घट्ट करा आणि हातपंप कडक होईपर्यंत दाबून हवा बाहेर काढा. फिल्टर कंपनीचाच घ्या, दोनशे-चारशे रुपयांसाठी इथे तडजोड नको.

आता पैशाचं बोलू. आकडे गणितापुरते धरतो, तुमचे तुम्ही घाला. डिझेल ९१ रुपये, भरल्या गाडीचं ॲव्हरेज १५, म्हणजे किलोमीटरला ६.०७. पेट्रोल १०५, ॲव्हरेज १२, म्हणजे ८.७५. फरक २.६८. डिझेलच्या जादा देखभालीसाठी ५० पैसे बाजूला काढले तर २.१८ उरतात. गाडी एक लाखानं महाग असेल तर ते वसूल व्हायला सुमारे ४६,००० किलोमीटर लागतात. महिन्याला ३,७५० पळणाऱ्याचे वर्षभरात सुटतात, १,५०० वाल्याला अडीच वर्षं लागतात आणि त्यात डीपीएफचं एक दुखणं निघालं तर गणित उलटतं. पेट्रोलचं ॲव्हरेज जुन्या ब्रोशरवरून धरू नका. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, म्हणजे लिटरमागे ६-७ टक्के कमी. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्याला त्याचा फायदा आहे, पण पिकअपवाल्याने तो खर्च हिशेबात धरलाच पाहिजे.

सीएनजी शहरात डिझेलशी बरोबरी करतो, कधी वरचढही ठरतो. त्याची किंमत वजनात मोजावी लागते: सुपर कॅरी पेट्रोलमध्ये ७४० किलो उचलते, सीएनजीत ६२५. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला पोचवणाऱ्याला हे चालतं. माढ्याच्या शिवारातून द्राक्षाचे क्रेट काढणाऱ्याला पंपाचं अंतर आधी बघावं लागेल.

अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ बघून मत बनवू नका. तिथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असतं. फोर्डने एफ-१५० चं डिझेल २०१८ मध्ये आणून २०२१ मध्ये बंद केलं, रॅम १५०० चं २०२३ मध्ये थांबलं. तिथलं गणित इथे लागू नाही. डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते, ही भीतीही सोलापूरकराने बाळगायची गरज नाही. ती अट दिल्ली आणि परिसरापुरती आहे, आपल्याकडे फिटनेस वेळेवर करून घेणं महत्त्वाचं.

जुनी बीएस-६ डिझेल पिकअप घेत असाल तर मीटरवरच्या आकड्यापेक्षा आधीचं काम विचारा. हायवेला दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी पेठेत साठ हजार किलोमीटर फिरलेल्या गाडीपेक्षा चांगली निघते. स्कॅनर लावून डीपीएफमधली काजळी आणि शेवटच्या पूर्ण रिजननंतरचं अंतर बघा, डिपस्टिक ओढा, आणि सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. जाळी शाबूत असलेल्या गाडीच्या नळीत बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळं कुळकुळीत निघालं तर जाळी फुटलेली किंवा काढलेली आहे, आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.