चौदा छतांचा हिशेब

एक जिगसॉ करवत, एक ड्रिल आणि दोन कानशी एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. मी आणि भागीदार, दोघंच. कॉम्प्युटरची मोठी टॉवर कॅबिनेट्स यायची, छत कापून आतले भाग पाण्याने थंड ठेवणारा रेडिएटर आणि त्याचे पंखे बसवायचं काम असायचं. भागीदाराचा हात विलक्षण स्थिर होता. 0.8 मिमीच्या पत्र्यावर जिगसॉ फडफडतोच, पण त्याच्या हाताखाली तो गप्प राहायचा. हे मी आजही मान्य करतो.

मग एकदम चौदा कॅबिनेटचं काम मिळालं. प्रत्येकाच्या छताला 360 मिमीचा रेडिएटर. रेडिएटर 27 मिमी जाड, पंखा 25, झाले 52. मदरबोर्डाच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत जागा 40. म्हणजे 12 मिमी पंखा बोर्डासमोर उतरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोर्डावरच्या हीटसिंकची, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची, आणि रॅमची उंची मात्र कोणीच मोजली नाही. चौदाही छतं बरोबर मध्यावर कापून झाली आणि पहिल्याच जोडणीत पंखा हीटसिंकवर अडला. कापलेला पत्रा परत जुळत नाही. भागीदाराने त्याच आठवड्यात अंग काढून घेतलं. जाताना मापांची वहीसुद्धा नेली.

उसन्या पैशांवर चौदा नवी छतं घेतली. रात्रभर पुठ्ठ्याचे साचे कापून पाहिले, तेव्हा उपाय सापडला: भोकं मध्यावर न घेता 30 मिमी बाजूच्या काचेकडे सरकवायची, की पंखे हीटसिंकच्या पुढून मोकळे उतरतात. काम वेळेत गेलं. पुढे भागीदाराने स्वतःचं दुकान काढलं आणि हीच सरकवलेली भोकं तो स्वतःची युक्ती म्हणून सांगतो. त्याच्या वहीत ती नव्हती. ती तो गेल्यानंतरच्या रात्रीची आहेत.

त्या दिवसांत चित्रपट संकलन करणाऱ्या एका बाईंनी पुढच्या कामाचे पैसे आधीच देऊन ठेवले. त्यांच्या जुन्या टॉवरमधला हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेटने ठोकलेला होता. आम्ही रिव्हेट ड्रिलने उडवून तो स्क्रूवर आणला, आता हवा तेव्हा निघतो. बोर्डाच्या मापांचं एटीएक्स हे मानक 1995 सालचं, पण बोर्डाच्या भोकांच्या जागा अजून त्याच. म्हणून त्याच सांगाड्यात त्यांचा तिसरा बोर्ड चालतो आहे.

घरी कापणार असाल तर आधी आतलं सगळं बाहेर काढा, अगदी केबलसुद्धा. लोखंडाचा एक कण बोर्डावर राहिला तर शॉर्ट होतो. रेघ मास्किंग टेपवर मारा, म्हणजे रंग उडत नाही. 120 मिमीच्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर 105 मिमी असतं, ते पंखा ठेवून गिरवू नका, मोजून पंच मारा. पावडर कोटिंग कापल्यानंतरच करा आणि स्क्रूचे आटे झाकायला विसरू नका.

बाईंचा टॉवर सध्या पुन्हा आमच्या टेबलावर आहे. या वेळी तळाला 140 चे दोन पंखे बसवायचे आहेत. हीटसिंकची उंची मी स्वतः दोनदा मोजली.