ऑर्डर आता मी लिहायची

लहान मुलांच्या कार्डियाक आयसीयूत आठ वर्षं नर्स म्हणून काढल्यावर नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे तपासून उपचारांच्या ऑर्डर स्वतः लिहिणारी नर्स, व्हायचं ठरवलं, तेव्हा निम्मं तर येतंच आपल्याला अशी घमेंड होती. हाताला येत होतं खरं, पण कारण विचारलं की अडायचं.

मास्टर्सची दोन वर्षं नोकरी सांभाळून रेटली. हे पद मुळात मुलांसाठीच निघालं, १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केलं, हे पहिल्याच दिवशी कळलं तेव्हा उगाच बरं वाटलं. प्रवेश घेताना एक मात्र विचारून घ्या: कोर्स प्रायमरी केअरचा (रोजची तपासणी, साधे आजार) आहे की अक्यूट केअरचा (गंभीर आजारी मुलं)? आयसीयूत काम करायचं असेल तर दुसराच हवा. माझी एक मैत्रीण इथेच फसली आणि पुन्हा शिकायला बसली.

हृदय मात्र कोर्सनंतरच शिकले. आमच्या सीनियर प्रत्येक बाळाच्या हृदयाचं चित्र हाताने काढायला लावायच्या. लाल रक्त कुठून, निळं कुठून, शिवलेली नळी कुठे. खिशात कायम लाल-निळी पेन्सिल.

मग ती रात्र. जन्मतः डावं हृदय अपुरं असलेलं बाळ, नॉरवुड, म्हणजे त्यावरचं पहिलं ऑपरेशन, होऊन दुसरा दिवस. सॅचुरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, ९३. मी खूश. सीनियर म्हणाल्या, "पाय बघितलेस?" हात लावला, तर गार. लघवी कमी, शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते लॅक्टेट चढलेलं. एकाच पंपावर फुप्फुसं आणि शरीर दोन्ही. फुप्फुसांकडे रक्त जास्त गेलं की आकडा छान दिसतो आणि शरीर उपाशी राहतं. अशा बाळाला ७५ ते ८५ पुरे.

सवयीने मी फोन उचलला, डॉक्टरांना विचारायला. "विचार जरूर, पण आधी तुझा प्लॅन सांग," सीनियर म्हणाल्या. घसा कोरडा पडला. ऑक्सिजन २१ टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेइतका, व्हेंटिलेटरचा रेट कमी, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त कमी जाईल, तासाभराने पुन्हा लॅक्टेट. डॉक्टर म्हणाले, "ठीक, लिही." आठ वर्षांत अशा शेकडो ऑर्डर मी पाळल्या होत्या, खाली स्वतःचं नाव टाकताना तीनदा वाचली.

बेडपाशी नवीन नर्स मुलगी होती. "सॅचुरेशन मुद्दाम खाली आणायचं?" तिच्या आवाजात भीती आणि थोडा राग. माझाही असायचा. मी खिशातून पेन्सिल काढली.