हेलियमवरून कणांची शिरगणती

कणभौतिकी आणि विश्वरचनाशास्त्र, दोन्हींत काम करणाऱ्या एका बाईंचं व्याख्यान आज ऐकलं. कणांचा अभ्यास करायला आकाश कशाला, हा माझा भाबडा प्रश्न. उत्तर अजून डोक्यातून जात नाहीये.

विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हेलियम बनला. साध्या पदार्थाच्या वस्तुमानात साधारण २५ टक्के. न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ कशातूनही आरपार जाणारे अतिहलके कण. त्यांचे प्रकार जास्त असते, तर विश्व अधिक वेगाने फुगलं असतं, जास्त न्यूट्रॉन शिल्लक राहिले असते आणि हेलियमही जास्त बनला असता. म्हणजे हेलियम मोजा आणि कणांचे प्रकार ओळखा! हा तर्क १९७७ साली मांडला गेला. १९८९मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलईपी या कण आदळवणाऱ्या यंत्रात झेड नावाच्या जड, क्षणात फुटणाऱ्या कणांचा क्षय मोजला, न्यूट्रिनोच्या प्रकारांचा आकडा आला तीन. आकाशाशी जुळणारा. कमालच ना?

करिअर म्हणून मात्र कठीण. पीएचडी, मग दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या (पोस्टडॉक), दरवेळी नवा देश. (पुढच्या रांगेतल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.) शिवाय वाट बघायची तयारी हवी. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांनी १९६४ला सुचवलेला कण २०१२ला सापडला, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. त्याच कल्पनेवर काम केलेले रॉबर्ट ब्राऊट आदल्याच वर्षी गेले.

बाईंचा स्वतःचा विषय डार्क मॅटर, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतो तो पदार्थ. त्याचा कण अजून कुणालाच सापडलेला नाही. त्या मात्र खुशीत होत्या. बरेच पर्याय बाद झालेत म्हणाल्या.